मुंबई ते न्यूअर्क: अंतर किती आणि आईला नेमके किती तास लागणार?

ठाकुर्ली_फास्ट
लोकहो मदत करा. बहीण न्यू जर्सीत एडिसनला असते, तिचं बाळंतपण फेब्रुवारीत आहे म्हणून आई जानेवारीतच तिकडे जाणार आहे, एकटी. वय ६७, विमानाचा अनुभव म्हणजे एकदा गोवा. आज तिकिटाचा प्रिंट दाखवला तर त्यावर मुंबई ०१:३० आणि न्यूअर्क ०६:४५, दोन्हीकडे तारीख तीच, आणि आई म्हणते अगं मग सव्वापाच तासच की, तुतारीने सावंतवाडीला जायला याच्या दुप्पट लागतात, तुम्ही उगाच घाबरवता मला. आता तिला नीट समजावायचंय पण मलाच धड सांगता येईना. गूगल अंतर एक सांगतं, एअरलाइनची साइट तास वेगळेच सांगते, भावोजी म्हणतात सोळा धरा. शिवाय अजून तिकीट फक्त होल्डवर आहे, डायरेक्ट वीसेक हजारांनी महाग पडतंय, लंडन किंवा दुबई करून स्वस्त आहे. काय करावं?

घाईघाई
आधी एक सांगा, ठाकुर्लीला फास्ट कधीपासून थांबायला लागली? :)

ठाकुर्ली_फास्ट
@घाईघाई, स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत.

बटाटेपोहे
सोपं आहे हो. जानेवारीत न्यूअर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. ०६:४५ मध्ये साडेदहा मिळवा, झाले आपले संध्याकाळचे सव्वापाच. रात्री दीड ते संध्याकाळी सव्वापाच म्हणजे पावणेसोळा तास. भावोजी बरोबर आहेत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात, त्यामुळे उन्हाळ्यात फरक साडेनऊचा होतो. आई जूनमध्ये परत येणार असेल तर हे लक्षात ठेवा.

ठाकुर्ली_फास्ट
हो जूनमध्येच परत. ते तिकीट तर अजून विचित्र आहे, तिकडून दुपारी १२ ला निघून इकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा. म्हणजे जाताना सव्वापाच आणि येताना साडेतेवीस तास दिसतात!

नकाशेवाला
या प्रश्नाची मी वाटच बघत होतो, बायको म्हणते घरात कोणी ऐकत नाही म्हणून इथे लिहितोस, असो. जाता-येताचे दिसणारे तास मिळवून दोनाने भागले की घड्याळांचा फरक आपोआप कापला जातो आणि सरासरी प्रवास हाती येतो. तुमच्या बाबतीत सव्वापाच अधिक साडेतेवीस म्हणजे पावणेएकोणतीस, त्याचे निम्मे साधारण चौदा तास बावीस मिनिटं. खरी सरासरी याहून अर्धा तास जास्त आहे, कारण मधे अमेरिकेचं घड्याळ तासभर सरकलेलं असतं.

आता अंतर. पृथ्वीच्या पाठीवरून सगळ्यात जवळच्या वाटेने मुंबई-न्यूअर्क साडेबारा हजार किलोमीटरच्या थोडं वर भरतं. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,०७५ किमी, म्हणजे जवळपास एक तृतीयांश पृथ्वी. घरात पोरांचा ग्लोब असेल तर शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कच्या शेजारी, आणि ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात आपण अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक अशी आडवी रेघ मारतो, पण दोरा तिकडे जातच नाही, तो मुंबईतून निघाला की वायव्येला पण बराचसा उत्तरेकडे झुकून चढतो. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा, मग मॉस्कोच्या जवळून, हेलसिंकीच्या जवळून, नॉर्वेचं ट्रॉन्डहाइम, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडाच्या लॅब्राडोरवरून खाली. सगळ्यात वर जातो तेव्हा जवळपास ६५ उत्तर अक्षांश. आपण १९ वर, न्यूअर्क ४१ च्या अलीकडे, आणि वाट मात्र ६५ वरून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला दोरा सैल पडलाय असंच वाटलं होतं.

घाईघाई
मग विमान खरंच मॉस्कोवरून जातं का?

नकाशेवाला
दोरा जातो, विमान नाही. विमानाला देश आडवे येतात. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं. दिल्लीकरांना याचा फटका जास्त, आपल्याला कमी, कारण मुंबईतून विमान सरळ समुद्रावर निघून ओमानच्या बाजूने जाऊ शकतं. पुढे तुर्कस्तान, युरोप, अटलांटिक. मस्कत आणि इस्तंबूलवरून दोरा लावलात तर १३ हजारांच्या आसपास जातं, म्हणजे चार-पाचशे किमीचा वळसा. रोजचा मार्ग वाऱ्यावर आणि कुठे काय चाललंय त्यावर ठरतो, त्यामुळे कालचा मार्ग आज असेलच असं नाही.

मनमौजी_७१
एक बाळबोध प्रश्न. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग आपण पश्चिमेला निघालो तर अमेरिका आपल्याकडे येत असणार, म्हणजे जाताना कमी वेळ लागायला हवा. उलटंच का होतं?

बटाटेपोहे
धावत्या लोकलमध्ये जागच्या जागी उडी मारली तर तुम्ही मागच्या डब्यात पडता का? हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं.

नकाशेवाला
+१. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात, आणि विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात. हिवाळ्यात ध्रुवाकडची थंडी आणि विषुववृत्ताकडची उष्णता यांतला फरक वाढतो म्हणून तो वाराही वाढतो. आई जानेवारीत चालल्यात, म्हणजे वारा तोंडावर. संध्याकाळी दादरच्या पुलावर गर्दीच्या उलट चालून बघा, पाय तितकेच हलतात पण पूल संपत नाही. विमान हवेत ९०० च्या वेगाने जातंय पण समोरून सरासरी ८० चा वारा धरला तर जमिनीवरचा वेग उरला ८२०. तेरा हजार भागिले आठशेवीस करा, पावणेसोळाच्या किंचित वर येतं. तिकिटावरचे तास असेच येतात, कोणी मनाने लिहीत नाही.

येताना तोच वारा पाठीला, म्हणून चौदा. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यात ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर. लोक म्हणाले आवाजाचा वेग ओलांडला, पण तसं नव्हतं, हवेच्या हिशोबाने विमान नेहमीसारखंच चाललं होतं, हवाच पळत होती.

परसातली_तुळस
मी एडिसनजवळच राहते, गेल्या अकरा वर्षांत आईबाबांना आणि सासूबाईंना मिळून सहा वेळा आणलंय, म्हणून माझं ऐक गं. किलोमीटर विसर. आईला किती वेळा उठावं लागणार, किती वेळा कोणाला तरी विचारावं लागणार आणि किती वेळा बॅग उचलावी लागणार एवढंच मोज. डायरेक्टमध्ये ती एकदा बसते आणि एकदा उतरते. वीस हजार जास्त गेले तरी जाऊ देत, बाळंतपणाला चाललीये, वाटेत हरवायला नाही.

मनमौजी_७१
मी उलट सांगेन. माझे गुडघे खराब आहेत, सोळा तास एका सीटवर म्हणजे शिक्षा आहे. मी लंडन करून गेलो, तीन तास मधे मिळाले, चाललो, चहा घेतला, पाय मोकळे झाले. सदुसष्टाव्या वर्षी पायांना सूज येते, रक्ताची गुठळी होऊ शकते, हे काही गंमतीचं नाही.

नकाशेवाला
आणि गंमत म्हणजे लंडन करून अंतर वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. मुंबई-लंडन ७,२०० किमी, लंडन-न्यूयॉर्क साडेपाच हजारांच्या थोडं वर, बेरीज १२,७५०. जवळच्या वाटेपेक्षा जेमतेम दोनशे जास्त! फ्रँकफर्टचंही तसंच. दुबईसुद्धा फार वाकडी नाही, १,९०० अधिक ११ हजार, म्हणजे १३ हजाराच्या आतबाहेर. फक्त सिंगापूरवरून स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका. ३,९०० किमी उलट्या दिशेला जायचं आणि मग सिंगापूर-न्यूयॉर्क १५,३०० किमी, ते जगातलं सगळ्यात लांब विमान, अठरा तासांच्या वर. ठाण्याला जायला कसारा गाठल्यासारखं.

घाईघाई
माझ्या मेव्हण्याने हेच केलं होतं, सात हजार वाचले म्हणून खूश होता. एअरपोर्टवर जेवणातच गेले.

परसातली_तुळस
@मनमौजी, तुमचं पटतंय, पण तुम्ही इंग्रजी बोलता, बोर्ड वाचता, गेट बदललं तर कळतं तुम्हाला. माझ्या सासूबाईंचं एकदा मधल्या विमानतळावर गेट बदललं, घोषणा झाली ती त्यांना समजली नाही, दीड तास जुन्या गेटवर बसून होत्या. एका नागपूरच्या मुलीने ओळखलं नऊवारीवरून आणि पळवत नेलं. त्या दिवसापासून मी तीन तासांचा थांबा वगैरे ऐकून घेत नाही. पायांसाठी डॉक्टरांना विचारून ते घट्ट मोजे घ्या, कडेची सीट घ्या, दर दोन तासांनी बाथरूमपर्यंत चालायला सांगा, पाणी पीत राहायला सांगा. बाथरूमला जायला नको म्हणून आपल्या बायका पाणीच पीत नाहीत, तिथेच चुकतं.

ठाकुर्ली_फास्ट
आईने हेच सांगितलं, मी पाणीच पिणार नाही म्हणजे प्रश्न मिटला. :( व्हीलचेअर मागवू का विचारलं तर रागावली, मी काय म्हातारी झाले का म्हणे, मी अजून जिना चढून तुझ्या तिसऱ्या मजल्यावर येते.

परसातली_तुळस
व्हीलचेअर नको म्हणू, "सोबतीला एक माणूस येतो" असं सांग. माझ्या आईला तसंच सांगितलं. इमिग्रेशनची रांग, बॅगांचा पट्टा, बाहेर लेक कुठे उभी आहे, सगळीकडे तो नेतो. बुकिंग करतानाच सांगून ठेव, ऐनवेळी मागितली की तासभर वाट बघावी लागते. आणि एका कागदावर इंग्रजीत लिहून दे, मुलीचं नाव, पत्ता, फोन, कशासाठी आलेय, किती दिवस राहणार, परतीच्या तिकिटाची तारीख. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. लोणचं, मसाले असतील ते कस्टमला सांगून टाकायचे, लपवायचे नाहीत. कढीपत्ता, फळं, मटणाचं काहीही अजिबात नाही. कढीपत्त्याची रोपं इथे मिळतात, माझ्याकडे दोन कुंड्या आहेत, बहिणीला म्हणावं घेऊन जा.

बटाटेपोहे
सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. ०१:३० म्हणजे गुरुवारचे ०१:३० असतील तर घर बुधवारी संध्याकाळी सोडायचं आहे!! हसू नका, आमच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब गुरुवारी रात्री बॅगा घेऊन विमानतळावर पोचलं होतं, विमान जाऊन वीस तास झाले होते. आणि तिकिटावर कोड बघा, बीओएम म्हणजे आपलं जुनं मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. २५ डिसेंबर २०२५ पासून ते सुरू झालंय, कॅबवाला विचारतो कुठलं एअरपोर्ट.

ठाकुर्ली_फास्ट
बीओएमच आहे, टी२. आणि हो, गुरुवारच आहे! अरे देवा, आईचा दत्ताचा गुरुवार असतो, कडक उपास, रात्री सोडते. आता गुरुवार कुठला धरायचा, इथला की तिथला??

नकाशेवाला
आहाहा. त्यांचा तो गुरुवार साडेचौतीस तासांचा होणार. इथे रात्री बाराला सुरू होणार आणि एडिसनला रात्री बाराला संपणार. त्यात अजून एक मजा, जानेवारीत हे विमान सगळा वेळ अंधारातच उडतं. रात्री दीडला निघून पश्चिमेला पळत राहायचं, सूर्य मागून येतो पण गाठत नाही, न्यूअर्कला पावणेसातला उतरलात तरी तिथला सूर्योदय सव्वासातनंतर. सोळा तासांची सलग रात्र. झोप येईल त्यांना छान.

जुना_सांताक्रूझकर
धागा वाचून राहवलं नाही. आमचे वडील विमानतळावर नोकरीला होते, त्यामुळे ही चर्चा लहानपणापासून जेवताना ऐकलीये. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान, मलबार प्रिन्सेस, मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेलं. न्यूयॉर्कला बोइंग ७०७ सुरू झालं ते १४ मे १९६० ला, लंडनमार्गे. मी स्वतः १९८३ ला गेलो तेव्हाही लंडनला उतरवून पुन्हा बसवलं होतं, सगळा दिवस त्यातच गेला, आणि तेव्हा आम्ही घरून निघताना चाळीतले पंधरा जण पोचवायला, हार घेऊन.

आणि घड्याळाचं म्हणाल तर ही मुंबई स्वतःच किती हट्टी. देशाने १९०६ मध्ये एक वेळ ठरवली तरी मुंबईने आपला "बॉम्बे टाइम" १९५५ पर्यंत सोडला नाही, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे बाकी देशाच्या ३९ मिनिटं मागे. आमचे आजोबा दोन वेळा सांगायचे, एक रेल्वेची एक मुंबईची. त्यामुळे आईंनी अमेरिकेत मुंबईच्या घड्याळाने उपास सोडला तर ती आपली परंपराच आहे असं समजा.

ठाकुर्ली_फास्ट
काका, हे वाचून दाखवलं तिला, एकदम खूश! व्हीलचेअरच्या विषयावर गप्प बसली होती, यावर मात्र लगेच "बघ" म्हणाली. डायरेक्ट बुक केलं. राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की हातातल्या पिशवीत. आता फक्त ठाकुर्ली ते टी२ कसं जायचं सांगा, शीळफाटा, ऐरोली, जेव्हीएलआर की माणकोली पुलावरून ठाणे?

घाईघाई
बुधवारी संध्याकाळी शीळ रोड? नको नको नको. माणकोलीवरून जा. आणि कोणीतरी सांगेल घाटकोपरला उतरून मेट्रो, मग मरोळ नाक्याला बदलून ॲक्वा लाइनने थेट टी२, ते एकट्या माणसाला लॅपटॉप बॅग असेल तर झकास आहे, २३ किलोच्या दोन बॅगा आणि आई घेऊन नाही.

ठाकुर्ली_फास्ट
*(नऊ दिवसांनी)*
पोचली!! सगळ्यांचे खूप खूप आभार. नकाशेवाल्यांसाठी हिशोब लिहून ठेवलाय. घर सोडलं बुधवारी ६:४० ला, टी२ ला ८:५० (माणकोलीवरूनच, तरी दोन तास दहा मिनिटं). विमान २५ मिनिटं उशिरा, १:५५ ला उडालं. न्यूअर्कला तिथल्या साडेसातला टेकलं म्हणजे हवेत १६ तास ५ मिनिटं. बाहेर आली ९:०५ ला, बहिणीच्या दारात ९:५०. एकूण २५ तास ४० मिनिटं. विमानतळावर बसण्यातच पाच तास गेले, त्यात ती शेजारच्या सांगलीच्या बाईंशी इतकी बोलली की दोघींनी नंबर घेतलेत.

सोबतीचा माणूस आला, ती बसली त्या खुर्चीवर, आणि बहिणीला म्हणाली माझी काही गरज नव्हती पण त्या मुलाला वाईट वाटलं असतं. पाणी प्यायली असं सांगते, मला खात्री नाही.

आणि उपास. विमानात दोनदा ट्रे आला, दोनदा परत केला, लाडू खाल्ले. एडिसनला घरात शिरली, हातपाय धुतले, मनगटावरचं घड्याळ बघितलं तर ८:२०. किल्लीचं घड्याळ आहे, वडिलांनी दिलेलं, बदललंच नव्हतं. म्हणाली चला, वेळ झालीच आहे, आणि सकाळी दहाला बहिणीकडून वरणभात, तूप, लिंबू वाढून घेऊन गुरुवार सोडला. भावोजी ऑफिसचा कॉल म्यूट करून बघत बसले होते.

परसातली_तुळस
किती छान! कढीपत्ता न्यायला सांग बहिणीला. आईचं घड्याळ लागलं का इथल्या वेळेला?

ठाकुर्ली_फास्ट
नाही हो. म्हणते जूनमध्ये परत जायचंच आहे, कशाला दोनदा किल्ली फिरवू.